खिळ्याची पुरवणी

आमच्या घरातलं लंबकाचं घड्याळ सध्या फ्रिजवर आहे. आडवं. लंबकाचं घड्याळ आडवं ठेवलं की बंद पडतं, त्यामुळे गेले सहा महिने आमच्याकडे चार वाजून दहा मिनिटं झालेली आहेत. ही वेळ चहाची असल्यामुळे सुरुवातीला बरं वाटायचं.

घड्याळ माझ्या सासऱ्यांचं. ते गेल्यावर सासूबाईंनी सांगलीचं घर आवरलं, भांडी वाटली, कपाट विकलं आणि घड्याळ तेवढं सोलापुरी चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन स्वारगेटला उतरल्या. अख्ख्या प्रवासात त्यांनी ते शेजारच्या रिकाम्या सीटवरसुद्धा ठेवलं नव्हतं. आमच्याकडे आल्यावर चपला काढायच्या आधी त्यांनी हॉलची भिंत हेरली. "इथं लावा," म्हणाल्या. मी हातोडी शोधायला उठलो, तेवढ्यात बायको म्हणाली, "अरे, आधी अ‍ॅग्रीमेंट बघ."

अ‍ॅग्रीमेंट पाहिलं. मोबाइलमध्ये पीडीएफ होती, ती सही करतानाही मी उघडली नव्हती. चौदावं कलम असं: 'लायसन्सी यांनी सदर सदनिकेच्या भिंती, छत अथवा फरशी यांस खिळा, स्क्रू, हूक अथवा तत्सम कोणतीही वस्तू ठोकू नये अथवा ठोकवून घेऊ नये.' ज्याने हे लिहिलं त्याला माणसाची चांगली पारख असावी. नुसतं 'ठोकू नये' लिहून तो थांबला असता तर मी खालच्या सुताराला बोलावलंच असतं. फरशीला खिळा ठोकणारा भाडेकरू मात्र त्याला कुठे भेटला, हे अजून मला कळलेलं नाही.

आता इथे पुण्यातल्या भाड्याच्या घराबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आपण सगळे 'भाडं', 'भाडेकरू', 'घरमालक' म्हणतो, पण आमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये यांतला एकही शब्द नाही. तिथे आमचे घरमालक काका-काकू 'लायसन्सर' आहेत, मी 'लायसन्सी' आहे आणि दर महिन्याच्या पाच तारखेला मी जे २२ हजार रुपये पाठवतो ती 'लायसन्स फी' आहे. हे लायसन्स प्रकरण १८८२च्या इझमेंट्स अ‍ॅक्टमधून आलंय. त्याच्या ५२व्या कलमाचा अर्थ असा की, परवानगी नसती तर जी गोष्ट बेकायदा ठरली असती ती दुसऱ्याच्या जागेत करू देणं म्हणजे लायसन्स. थोडक्यात, मी त्या घरात झोपतो, जेवतो, लोळत क्रिकेट बघतो हे सगळं मुळात बेकायदा आहे. काकांनी डोळेझाक केलीय म्हणून चाललंय. बायकोने याचं एका वाक्यात मराठी केलं: "पैसे देऊन आलेले पाहुणे आहोत आपण."

शिवाय हा पाहुणचार अकरा महिन्यांचा. अकराच का, तर १९०८च्या नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे, म्हणून सगळ्या देशाने एक महिना कापून ठेवला. महाराष्ट्रात ही पळवाट १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने बुजवली. इथे लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असो की अकरा दिवसांचा, तो लेखीही हवा आणि नोंदवलेलाही हवा. पळवाट गेली, अकरा महिने राहिले. पंचांगात क्षयमास क्वचित येतो, भाडेकरूच्या वर्षात तो दरसाल येतो.

तर मी काकांना फोन लावला. काका बँकेतून निवृत्त झालेत आणि आमच्याच मागच्या गल्लीत राहतात. माणूस सज्जन. घड्याळाची गोष्ट ऐकून ते हळवे झाले. "अहो, ठोका की एक खिळा! त्यात काय विचारायचं?"

इथे मी लगेच ठोकायला हवा होता. पण घरात खिळा नव्हता, मग ऑफिस होतं, मग शनिवारी दुकान बंद होतं. रविवारी सकाळी सातला काकांचा फोन.

"खिळा ठोकलात का?"

"नाही काका, आज ठोकतोच."

"थांबा. ठोकू नका."

मधल्या तीन दिवसांत काकांनी पेपरात भाडे नियंत्रण कायद्यातल्या कलम ५५ बद्दल वाचलं होतं. ते कलम घरमालकाला रात्री झोपू न देणारं आहे हे मलाही मान्य आहे. करार नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि खरी मेख पुढे: लेखी, नोंदवलेला करार नसेल, तर कुठल्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत.

"म्हणजे बघा," काका म्हणाले, "मी तोंडी एक खिळा म्हणालो. उद्या तुम्ही म्हणालात की मी दहा म्हणालो होतो, तर कोर्ट कुणाचं ऐकणार?"

"काका, पण आपला करार नोंदवलेला आहे की."

"करार नोंदवलाय. खिळा कुठे नोंदवलाय?"

याला उत्तर नव्हतं. आणि काकांना हसण्यात अर्थ नाही हे मला माहीत होतं, कारण या भीतीमागे एक वाडा आहे. त्यांच्या वडिलांचा सदाशिव पेठेत वाडा होता. १९७१ साली त्यांनी एका ओळखीच्या गृहस्थांना मागच्या दोन खोल्या दिल्या, 'दोन महिन्यांसाठी', तोंडी. ते दोन महिने संपायच्या आत १९७३ साल आलं. त्या वर्षी तेव्हाच्या भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे कोणी चालू लायसन्सवर राहत होते त्यांना कायद्याने भाडेकरू मानलं गेलं. गृहस्थ रीतसर भाडेकरू झाले. भाडं गोठलेलं. काकांची मुंज, लग्न, मुलीचं बारसं, सगळ्याला ते गृहस्थ हजर होते आणि प्रत्येक वेळी आहेरात पाच रुपये घालत. वाडा पडून बिल्डिंग झाली तेव्हा त्यांच्या मुलाला तिथे फ्लॅट मिळाला. 'तोंडी' या शब्दाला काका का बिचकतात ते कळायला एवढं पुरे.

म्हणून ठरलं की चौदाव्या कलमात दुरुस्ती करायची. लेखी.

मला वाटलं होतं, अ‍ॅग्रीमेंटची प्रिंट काढायची, 'खिळा' शब्दापुढे काकपद देऊन वर बारीक अक्षरात 'एक सोडून' असं लिहायचं, बाजूला दोघांच्या सह्या. शाळेत निबंधात असंच करायचो. काकांनाही ही पद्धत पसंत होती. बँकेत चेकवर खाडाखोड झाली की बाजूला पूर्ण सही, हा त्यांच्या आयुष्याचा नियम होता. पण आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक वकीलबाई राहतात. लिफ्टमध्ये त्यांना सहज विचारलं, तर त्यांनी लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर धरून ठेवून मला समजावलं. खाडाखोड चालते, पण नोंदणीच्या आधी. तेव्हासुद्धा प्रत्येक काटछाटीजवळ करार करणाऱ्यांच्या सह्या नसतील तर नोंदणी अधिकारी दस्त परत करू शकतो. एकदा नोंदणी झाली की त्या कागदाला पेन लावायचं नाही. अट बदलायची तर पुरवणी करार करायचा, तोही लेखी आणि तोही नोंदवायचा. "आणि तोंडी बदल करून ठेवला तर?" मी विचारलं. नोंदवलेल्या कराराच्या अटी नंतर तोंडी बदलल्या असं कोर्टात सिद्धच करू देत नाहीत, त्या म्हणाल्या. १८७२च्या पुरावा कायद्यात हे कलम ९२ मध्ये होतं, आता तो कायदा बदलला पण हा नियम नाही बदलला. चौथ्या मजल्यावरचे आजोबा तोपर्यंत लिफ्टचं बटण दाबून दाबून जिन्याने खाली आले होते.

म्हणजे काकांची भीती फुकट होती. नोंदवलेल्या करारापुढे माझ्या तोंडी दहा खिळ्यांना कोर्टात कुणी उभं केलं नसतं. मी हे आनंदाने काकांना कळवलं. काका क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "मग तर तुमच्याच दृष्टीने लेखी पाहिजे. उद्या मी उलटलो तर?" स्वतःपासूनसुद्धा भाडेकरूला वाचवू पाहणारा मालक मी पहिल्यांदाच बघत होतो.

एजंटला फोन केला. अ‍ॅग्रीमेंट त्यानेच केलं होतं. लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला होता. "सर, खिळ्यासाठी फॉरमॅट नाहीये," तो म्हणाला. "जुनं कॅन्सल करा, नवीन टाकू." किती पडतील, तर स्टॅम्प ड्युटी, हजार रुपये नोंदणी फी आणि त्याची फी. काकांनी फोन स्पीकरवर ठेवायला लावला आणि तोंडी हिशेब केला. ११ महिन्यांची लायसन्स फी २ लाख ४२ हजार. डिपॉझिट ६० हजार. मुद्रांकासाठी त्यावर १० टक्के दराने व्याज धरतात, ११ महिन्यांचे साडेपाच हजार. एकूण २ लाख ४७ हजार ५००. त्याचे पाव टक्का, ६१८ रुपये ७५ पैसे. "नुसती पुरवणी करायची तरी स्टॅम्प आहेच," काका म्हणाले. "पूर्वी शंभरात भागायचं. ऑक्टोबर २०२४ पासून त्या शंभराचे पाचशे झालेत." पौड रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानात मी खिळ्याचा भाव विचारला होता. काँक्रीटचा, दोन इंची, दोन रुपये. दुकानदार म्हणाला, सुटा एक देत नाही.

पण पैसे ही अडचण नव्हतीच. अडचण काकूंचा अंगठा होती.

फ्लॅट काका-काकू दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे नोंदवायचा कागद कुठलाही असो, दोघांचे अंगठे लागतात. पहिल्या वेळी काकांचा अंगठा लगेच लागला. काकूंचा लागेना. चाळीस वर्षं भांडी, चिंच, राख आणि कणीक यांनी त्या अंगठ्यावरच्या रेघा पुसून टाकल्या होत्या. एजंटने यंत्राची काच शर्टाने पुसली. काकूंनी हात साबणाने धुतला. मग गरम पाण्याने. मग एजंट म्हणाला, "काकू, केसांवरून फिरवा अंगठा, थोडं तेल लागतं." काकूंनी फिरवला. मग कपाळावरून. मग काकांच्या डोक्यावरून फिरवून बघितला, पण तिथे केस नसल्याने काही झालं नाही. पंचेचाळीस मिनिटांनी, चौदाव्या का पंधराव्या वेळी हिरवा दिवा लागला तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकू टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, "आधार कार्डाला हीच मी, पेन्शनला हीच मी. एका यंत्रालाच मी पटत नाही."

तर काकूंनी स्पष्ट सांगितलं: खिळ्यासाठी अंगठा देणार नाही.

पुन्हा वकीलबाई. या वेळी मी जिन्यात गाठलं, लिफ्टचा वाद नको. त्यांनी विचार करून एक सोपी वाट काढली. करार बदलूच नका, म्हणाल्या. कराराच्या कायद्यात, १८७२च्याच, कलम ६३ आहे. समोरच्याने जे पाळायचं वचन दिलंय त्यातलं काही सोडून देण्याचा हक्क, ज्याला वचन दिलं त्याला असतो. काका फक्त एक पत्र देतील, की या एका खिळ्यापुरता मी चौदाव्या कलमाचा आग्रह धरणार नाही. दोन ओळी. काका-काकूंची साधी सही. अंगठा नको, स्टॅम्प नको, एजंट नको. मी जिन्यातच त्यांना वाकून नमस्कार करणार होतो.

दोन ओळींचं पत्र लिहायला काकांना नऊ दिवस लागले. पहिला मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर आला तो पावणेदोन पानांचा होता. त्यात खिळ्याची लांबी, जाडी आणि धातू होता. भिंत कोणती, जमिनीपासून उंची किती, डाव्या कोपऱ्यापासून अंतर किती, हे होतं. वायरिंग कुठून गेलंय त्याची आकृती होती, स्केलपट्टीने काढलेली. ठोकण्याची वेळ सकाळी दहा ते एक, कारण दुपारी दोन ते चार ठोकाठोकीला सोसायटीची बंदी आहे. ठोकणारी व्यक्ती कोण, हे कोरं सोडलं होतं. आणि शेवटी एक प्रश्न त्यांनी मलाच विचारला होता: जागा सोडताना खिळा कुणाचा?

मी म्हटलं, खिळा माझा, मी काढून नेईन. काका म्हणाले, ठीक, पण मग भोक माझ्याकडे राहणार. मी म्हटलं, भोक बुजवून देतो. काका म्हणाले, बुजवलेल्या जागी रंगाचा डाग दिसणार. मी म्हटलं, मग खिळा राहू दे. काका म्हणाले, मग तो माझा झाला. पुढच्या लायसन्सीने विचारलं की एक खिळा आहे तर दुसरा का नाही, तर मी काय सांगू? या प्रश्नावर आम्ही दोघांनी दोन वेळा चहा घेतला. बँकेत कर्जं मंजूर करताना हे गृहस्थ कसे वागले असतील याची मला कल्पना आली, आणि त्या बँकेची थकबाकी कमी का होती तेही कळलं.

या दरम्यान बायकोने आपल्या परीने मार्ग काढला होता. जाहिरातीत दाखवतात तसा चिकटणारा हूक आणला. त्यावर घड्याळ टांगलं. एक रात्र टिकलं. पहाटे हूक खाली आला, त्याच्याबरोबर पुरणपोळीएवढा रंगाचा पोपडाही आला. घड्याळ सोफ्यावर पडलं म्हणून वाचलं. भिंतीचा पोपडा नवव्या कलमात येतो, डिपॉझिटमधून कापायच्या गोष्टींमध्ये. त्यामुळे आता एका न ठोकलेल्या खिळ्यापायी आम्ही एका कलमाचा भंग करून बसलो होतो, आणि तो पोपडा झाकायला कॅलेंडर लावायचं तर त्याला खिळा हवा.

सातव्या मसुद्यापाशी पत्र जवळजवळ सहीला आलं होतं. तेव्हा बायकोला वाटलं की लिहितोच आहोत तर कढीपत्त्याचंही लिहून टाकू.

कढीपत्ता काकूंचा. आमच्या बाल्कनीत मोठ्या कुंडीत आहे. काका-काकू या फ्लॅटमध्ये राहत होते तेव्हाचा. मागच्या गल्लीत त्यांची बाल्कनी उत्तरेला, तिथे ऊन नाही, म्हणून कुंडी इथेच ठेवली. पाणी आम्ही घालतो. काकू दर रविवारी, कधी बुधवारी, कधी पोहे फोडणीला टाकायच्या वेळी येतात, चार डहाळ्या खुडतात, माळ्यावर ठेवलेल्या त्यांच्या तांब्याच्या हंड्याची चौकशी करतात आणि जातात. हे सगळं दोन वर्षं तोंडी चाललं होतं. कुणाची काही तक्रार नव्हती. म्हणजे बायकोची होती, पण तीसुद्धा तोंडी, आणि फक्त माझ्याकडे. तिचं म्हणणं एवढंच की येण्याआधी एक फोन करावा, कारण रविवारी सकाळी साडेसातला दार उघडायला जो जातो त्याने तेव्हा काय घातलेलं असेल ते सांगता येत नाही.

काकांना हे एकदम पटलं. किंबहुना त्यांना ही मोठीच त्रुटी वाटली. करारात कढीपत्त्याचा उल्लेखच नाही! म्हणजे कुंडी कुणाची, पाणी कुणाचं, पानं कुणाची, काहीच ठरलेलं नाही. त्यांनी आठव्या मसुद्यात एक परिच्छेद घातला. 'सदर वनस्पतीवरील पूर्ण हक्क लायसन्सर क्र. २ यांचा राहील. लायसन्सी यांस दैनंदिन वापरापुरती पाने खुडण्यास हरकत नाही. लायसन्सर क्र. २ यांनी येण्यापूर्वी किमान २ तास आधी दूरध्वनीवरून कळवावे.'

लायसन्सर क्र. २ यांनी तो मसुदा वाचला. काकांनी त्यांना वाचायला द्यायला नको होता, पण सही त्यांचीही लागणार होती. काकू त्या संध्याकाळी आमच्याकडे आल्या. फोन न करता. चष्मा हातात होता आणि कागदही.

"माझ्याच कढीपत्त्याला फोन करून येऊ?" त्यांनी मला विचारलं. बायकोकडे त्यांनी बघितलं नाही. बायकांचं हे मला नेहमी आश्चर्य वाटतं, मसुदा कुणाच्या डोक्यातून निघाला ते त्यांना अक्षरावरून कळतं.

मी म्हटलं, "काकू, ते आपलं कायद्याचं म्हणून लिहिलंय. तुम्ही कधीही या."

"मग लिहिलंय कशाला?"

सासूबाई आतून बाहेर आल्या. दोघींची ओळख नव्हती. सासूबाईंनी पाणी दिलं, काकूंनी फ्रिजवरच्या आडव्या घड्याळाकडे बघितलं. "हेच का ते?" सासूबाई हो म्हणाल्या. मग काकूंनी घड्याळ खाली घ्यायला लावलं, पदराने काच पुसली, झाकण उघडून किल्ली बघितली. आमच्या माहेरी असंच होतं, म्हणाल्या. रात्री बाराचे टोल पडायला लागले की वडील खोकायचे, म्हणजे मुलांना कळावं की ते जागे आहेत. दोघी अर्धा तास बोलत बसल्या. बायकोने गुपचूप कढीपत्त्याच्या सहा डहाळ्या खुडून पिशवीत घातल्या आणि काकूंच्या हातात दिल्या. त्या घेऊन काकू गेल्या. जाताना म्हणाल्या, "लावा हो घड्याळ. मी सांगते त्यांना."

पण सांगून काय होणार? हे तोंडीच झालं ना.

तोवर दहावा महिना संपत आला होता. काका म्हणाले, आता महिनाभरच राहिलाय, पत्र कशाला, नव्या अ‍ॅग्रीमेंटमध्येच खिळा घालू. याला विरोध करायचं कारण नव्हतं. मुदत संपल्यावर लायसन्सीने जागा सोडली नाही तर त्याला दुप्पट फी भरायला लावता येते, त्यामुळे नवं अ‍ॅग्रीमेंट तर करायचंच होतं. काकूंचा अंगठाही आता एका खिळ्यासाठी लागणार नव्हता, अख्ख्या अकरा महिन्यांसाठी लागणार होता, आणि तेवढ्यासाठी द्यायला त्या तयार होत्या. एजंटला मी आणि काकांनी वेगवेगळे फोन करून बजावलं: चौदाव्या कलमात एक खिळा. मी मेसेजही टाकला. त्याने अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं. ते यंत्राशिवाय लागतं.

परवा ड्राफ्ट आला. काका आणि मी शेजारी बसून वाचला. लायसन्स फी १० टक्क्यांनी वाढलेली, हे ठरल्याप्रमाणे. तिसऱ्या पानावर एके ठिकाणी माझ्याऐवजी कुठल्या तरी आधीच्या लायसन्सीचं नाव, हेही नेहमीप्रमाणे. चौदावं कलम जसंच्या तसं. खिळा, स्क्रू, हूक, तत्सम, भिंत, छत, फरशी, सगळे आपापल्या जागी.

फोन केला. "सर, केलंय ना," एजंट म्हणाला. "क्लॉजला हात लावता येत नव्हता, म्हणून खाली टाकलंय. शेवटचं पान बघा."

शेवटच्या पानावर घरात मालकाने दिलेल्या वस्तूंची यादी असते. पंखे ४, ट्यूबलाइट ५, गिझर १, गॅसची शेगडी १, पडद्याचे रॉड ३. आणि त्याखाली: खिळा १.

मला तो माणूस त्या क्षणी फार हुशार वाटला. चौदाव्या कलमाने मला खिळा ठोकायला मनाई होती, पण मालकाने घराबरोबरच खिळा दिलेला असेल तर ठोकायचा प्रश्नच येत नव्हता. पुरवणी नको, पत्र नको, कलम ६३ नको. जाताना पंखे मोजून द्यायचे तसा खिळाही मोजून द्यायचा. मालकीचा वादही मिटला, भोकासकट. मी काकांकडे बघितलं.

काका चष्मा काढून कागद पुसल्यासारखा करत होते. "खिळा १," त्यांनी मोठ्याने वाचलं. मग उठून हॉलमधल्या भिंतीपाशी गेले, पुरणपोळीएवढ्या पोपड्यावरून हात फिरवला.

"पण खिळा कुठाय?"

"तो आपण नंतर ठोकू, काका."

"म्हणजे आज, सही करताना, नाही."

"नाही."

"मग जी वस्तू अस्तित्वात नाही ती मी तुमच्या ताब्यात दिली, असं मी कसं लिहून देऊ?" बँकेत ३६ वर्षं काढलेला माणूस. तारण बघितल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नव्हती. खिळा आधी ठोकावा तर आत्ताचं अ‍ॅग्रीमेंट अजून वीस दिवस चालू आहे आणि त्यात चौदावं कलम आहे. त्यांनी पेनने, ड्राफ्टच होता म्हणून, 'खिळा १' वर आडवी रेघ मारली आणि बाजूला पूर्ण सही केली.

तर वाचकांना विनंती. पुण्यात कुठेही, कर्वेनगर, वारजे, बिबवेवाडी, अगदी धायरीसुद्धा चालेल, दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने हवा आहे. कुटुंब शाकाहारी, माणसं तीन. मजला, दिशा, पार्किंग कसलीही अट नाही. हॉलच्या भिंतीला एक खिळा आधीच ठोकलेला असावा. फोन संध्याकाळी सातनंतर करावा. कढीपत्ता असल्यास आधी सांगावं.